दहा टक्के

रेडिओतल्या ईएल ८४ या व्हॉल्व्हच्या जुन्या माहितीपत्रकात दोन आकडे शेजारी-शेजारी छापलेले आहेत. २५० व्होल्टवर हा व्हॉल्व्ह ५.७ वॅट ताकद देतो, हा पहिला. त्या वेळी होणारं विरूपण, म्हणजे मूळ आवाजाची मोडतोड, १० टक्के, हा दुसरा. कंपनीने काही लपवलेलं नाही: पूर्ण ताकद हवी असेल तर आमच्या पदरचं थोडं त्यात मिसळणार, असं सरळ सांगून टाकलंय. रेडिओवर बातम्या ऐकणाऱ्याचं त्यावाचून काही अडलं नाही, कारण तो आवाजाची खुंटी सहसा निम्म्यावरही नेत नसे. गिटारवाल्याला मात्र नेमका हा दुसरा आकडा हवा असतो. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडकडच्या एखाद्या भंगाराच्या ढिगात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ सापडला, तर त्यातून गिटारचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर करण्यात काही अर्थ आहे का, या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते या दहा टक्क्यांत आहे. अर्थ आहे, आणि तो जुन्या वस्तूंच्या मायेपोटी नाही.

मुळात तो अ‍ॅम्प्लिफायर रेडिओत तयारच असतो. मर्फी, बुश, फिलिप्स, कुठल्याही मध्यम सेटचा पाठचा पुठ्ठा काढला की साधारण पाच व्हॉल्व्ह दिसतात. पहिले दोन स्टेशन पकडतात. मग एक ईबीसी ८१ किंवा त्याचा भाऊबंद, मग ईएल ८४, आणि विजेचा प्रवाह एका दिशेला वळवायला ईझेड ८०. शेवटचे तीन ठेवायचे, बाकीचं काढून टाकायचं. गिटारच्या पिकअपमधून साधारण १०० मिलिव्होल्ट येतात. ईबीसी ८१ ते पन्नासेक पटींनी वाढवतो, म्हणजे ५ व्होल्ट. आणि ईएल ८४ ला पूर्ण जोरात न्यायला साडेचारच्या आसपास पुरतात. हिशेब असा काठोकाठ जुळतो की जोरात छेडलेली तार काठावरून सांडणारच. कित्येक सेटांना पाठीमागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकंही असत, म्हणजे आत शिरायची वाटसुद्धा आयती. यात नवल नाही. ज्याच्या नावाने आज लाखालाखाच्या गिटारी विकल्या जातात तो लिओ फेंडर कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होता, आणि त्याचे सुरुवातीचे छोटे अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे स्टेशन पकडणारा भाग वगळलेले रेडिओच होते. मात्र प्रत्येक जुना सेट कामाचा नसतो. १९५६ साली पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवून पाहिली, त्यात पुणे जिल्हाही होता. म्हणजे रेडिओ इथल्या खेड्यांत पोचला होता, पण वीज बहुतेक ठिकाणी पोचायची होती. बिनविजेच्या गावांसाठीचे सेट ९० व्होल्टच्या कोरड्या बॅटरीवर चालत. त्यांतला डीएल ९६ हा व्हॉल्व्ह पाव वॅटही देत नाही. असा सेट सापडला तर आहे तसा जपून ठेवावा.

आता कुणी म्हणेल, मोडतोड ती मोडतोड, तिचं कौतुक कसलं? हा आक्षेप परदेशातल्या कुणी घेतला तर समजू शकतं. मराठी कानाने घ्यावा याचं आश्चर्य वाटतं. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी कानसीने इतकी मंद उतरती घासतो की तार तिला पूर्ण टेकतही नाही आणि पूर्ण सुटतही नाही. कंप पावताना ती त्या उतारावर क्षणोक्षणी घासते, आणि त्यातून मूळ स्वराच्या वरचे स्वर फुलून येतात. तीच जवारी. ती उघडण्यासाठी तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, केसभर इकडेतिकडे झाला तर आवाज बसतो. यंत्र लावून मोजलं तर हेसुद्धा विरूपणच ठरेल, तारेचा निर्मळ स्वर घोडीने बिघडवला असंच ते यंत्र सांगेल. पण जवारी नसलेला तंबोरा घेऊन मैफलीला कोण बसेल? यावर जाणकार म्हणतील की जवारीतून निघतात ते मूळ स्वराचेच आप्त, व्हॉल्व्ह मात्र दोन स्वर एकदम दिले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे परके स्वर निर्माण करतो. हे खरं आहे. चार-पाच स्वरांचा भरगच्च कॉर्ड फुटत्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढला तर गिचमीड होते. पण गिटारवाल्यांनी यातून काढलेली वाट बघा. रॉकमधले वादक मधला स्वर गाळून फक्त षड्ज आणि पंचम ठेवतात. या दोघांच्या कंपनांचं प्रमाण २ : ३, वजाबाकी १, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज. जो परका यायचा तो घरचाच निघतो. इलेक्ट्रिक गिटार फिरून फिरून तंबोऱ्याच्याच जोडीवर येऊन थांबली, हे मला त्या संगीताबद्दल सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टींहून अधिक मनोरंजक वाटतं. आणि गिटारीपर्यंत तरी कशाला जायचं? १९१२ साली जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं. ते आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून आलं, त्याला चुंबकी पिकअप लागला, आणि बेंजो होऊन ते वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत शिरलं. बेंजोचा जो आवाज आपण बेंजोचा म्हणून ओळखतो तो नुसत्या त्या पेटीचा नाहीच. ताणलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आणि पत्र्याच्या कर्ण्यातून थोडा फाटून आलेला तो आवाज आहे. तो फाटलेपणा काढून घ्या, मागे एक किनरं खेळणं उरेल. डीजेच्या भिंती उभ्या राहिल्यापासून मिरवणुकीत खर्जाचे धक्के वाढले, पण चाल ओळखू येईल असं वाजणारं काही उरलं नाही, असं माझं मत आहे. ते जुनाट म्हणून सोडून दिलं तरी चालेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: हे सगळं आता हजार-दोन हजारांच्या डबीत, नाहीतर फोनमध्येही मिळतं, मग हा खटाटोप का? नकला चांगल्या होतात, हे मान्य करायला हवं. डोळे मिटून ऐकणाऱ्याला फरक सांगता येईलच असं नाही. पण ऐकणारा आणि करणारा यांत फरक आहे. शिरूर तालुक्यातलं पाबळ बहुतेकांना मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक असतं. तिथेच १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता विज्ञान कळतं, एवढ्या एका धारणेवर त्यांनी तो उभा केला, आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे यंत्रांनी वस्तू बनवून पाहायच्या कार्यशाळांपैकी, एक पुढे तिथे आली. त्याच तालुक्यात रांजणगावला टीव्हीचे कारखाने आहेत. टीव्हीतल्या सर्किटच्या पाटीवरचा एखादा ठिपक्याएवढा भाग बिघडला तर अख्खी पाटी बदलतात. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये प्रत्येक भाग बोटात धरता येतो आणि तो का आहे ते विचारता येतं. विरूपण कुठून येतं हे ज्याला शिकायचंय त्याला डबीतली नक्कल ते सांगणार नाही.

विजेबद्दलचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या व्हॉल्व्हची नावं ‘यू’ने सुरू होतात, यूएल ८४, यूसीएल ८२, ते सेट बिनट्रान्सफॉर्मरचे, त्यांची चासी थेट मेनला जोडलेली असते. गिटारच्या तारा चासीला जोडलेल्या असतात, म्हणजे वादक मेन हातात धरून बसणार. असा सेट फुकट मिळाला तरी घेऊ नये. ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्येही बटण बंद केल्यावर कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट दबा धरून असतात. रेझिस्टरमधून ते उतरवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. जुने मेणाचे कंडेन्सर सरसकट बदलावेत, त्यातही ईएल ८४ च्या आधीचा आवर्जून, कारण तो गळू लागला की व्हॉल्व्हला नको तो व्होल्टेज जाऊन तो तापून लाल होतो. तीन पिनांची वायर घातली म्हणजे झालं असं नाही; भिंतीतलं अर्थिंग खरोखर जमिनीत गेलंय का, तेही बघावं.

राहिला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. भंगारातल्या सेटमध्ये जळालेला निघतो तो बहुधा हाच. पण दौंड म्हणजे उसाचा पट्टा, घोड नदीचा काठही बागायती. विहिरीवरच्या मोटारी सारख्या जळतात, म्हणून रिवाइंडिंगची दुकानं बाजाराच्या गावोगाव आहेत. या ट्रान्सफॉर्मरची तार केसासारखी, मोटारीच्या तारेपुढे काहीच नाही, आणि वेढे हजारोंनी. तरी मोजून गुंडाळायची सवय असलेला हात ते करू शकतो. गुंडाळायचाच आहे तर गिटारच्या स्पीकरसाठी नव्हे, बेंजोच्या कर्ण्यातल्या १६ ओहमच्या युनिटसाठी गुंडाळून बघावा. रेडिओचा मूळ ट्रान्सफॉर्मर ३ ते ५ ओहमचा, तो कर्ण्याला जुळत नाही. कर्णा खालचे स्वर देत नाही, उलट ते जोरात गेले तर त्याचा पडदा फाटतो, म्हणून मध्ये एक छोटा कंडेन्सर घालून ते अडवावे लागतील. बेंजोला त्यांची गरजही नाही.