पी ०७०० म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नाही

आज वाडीबद्दल कमी, गाडीबद्दल जास्त. पण आपल्याला दोन्ही वेगळं करता येत नाही. सोनचाफा पहाटे खुडला की पापडीहून वसई रोड स्टेशन गाठायचं, दादरची लोकल पकडायची. फूल कोणासाठी थांबत नाही. डाव्या गुडघ्याला क्लच झेपेना, म्हणून २०११ सालची, चार गिअरची जुनी ऑटोमॅटिक घेतली होती. पहिल्या मोठ्या पावसानंतर तिने पिवळा दिवा लावला आणि तिसऱ्या गिअरमध्ये अडून बसली.

अशी अडली म्हणजे आतलं मोडलं, असं लगेच समजू नका. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला भरवशाची माहिती मिळेनाशी झाली की बऱ्याच गाड्यांत तो एकच गिअर धरून ठेवतो. हळू का होईना, माणूस घरी पोचावा आणि आत काही जळू नये म्हणून.

एका गॅरेजात स्कॅनर लावला. कोड आला पी ०७००. "गिअरबॉक्स गेला, ६०,००० धरून चाला." घरी कोणी काही बोललं नाही, पण मुलीच्या कॉलेजची फी त्याच महिन्यात होती.

आता हा कोड काय सांगतो ते बघा. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचा मामला. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड. तिथे १ असता तर बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा. ७ म्हणजे गिअरबॉक्स. आणि पी ०७०० चा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने तक्रार नोंदवलीय, ती त्याच्याकडे जाऊन वाचा. केळीचं पान पिवळं पडलं तर आपण लगेच झाड तोडतो का? पाणी साचलंय, खत कमी पडलंय की मुळाला कीड आहे, ते खाली वाकून बघतो ना!

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याचदा इंजिनपाशीच थांबतो. म्हणून वसई पूर्वेला, गिअरबॉक्सपर्यंत पोचणारा स्कॅनर असलेल्या एका मेकॅनिककडे गेलो. (गाडी टेम्पोवर चढवून नेली. ऑटोमॅटिक दोरी बांधून ओढू नये. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही आणि चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात.) कोड पुसण्याआधी त्याने 'फ्रीझ फ्रेम' वाचली. बिघाड झाला त्या क्षणाचा वेग, इंजिनचे फेरे, तापमान तिथे जपलेलं असतं आणि कोड पुसला की तेही जातं. पहिल्या गॅरेजवाला पुसायलाच निघाला होता, मीच हात धरला.

आत निघाला पी ०७२०: गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट. सर्किट हं, नुसता सेन्सर नव्हे. सेन्सर, वायर, कनेक्टर यांपैकी काहीही असू शकतं. त्याने आधी बॅटरीचं व्होल्टेज पाहिलं, कारण मरतुकडी बॅटरी नसते कोड उभे करते. मग गाडी लिफ्टवर घेऊन चाकं फिरवली आणि पोराला वायर हलवायला सांगितली. वायर हलली की पडद्यावरचा वेग धाडकन शून्य!

कनेक्टर उघडला तर पिना हिरव्या पडलेल्या. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं, लोकल बंद पडल्या, तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्यांना दर पावसाळ्यात पाण्यातून जाणं काही नवीन राहिलं नाही. पिना घासल्या, रबराचं सील बदललं. सेन्सर जुनाच ठेवला. मीटरवर त्याचं रीडिंग ठीक होतं.

बारा दिवस झाले, दिवा लागलेला नाही. तेल मात्र लालचं तपकिरी झालंय. जळका वास नाही, म्हणून तो म्हणाला, एकदम सगळं न उपसता थोडं काढून तेवढंच नवं भरू. शनिवारी फुलं पोचवून तिकडेच जाणार आहे.