अस्मारात पायी

अस्मारात भरभर चालता येत नाही. एरिट्रियाची ही राजधानी समुद्रसपाटीपासून २३०० मीटरहून उंच पठारावर वसलेली. ऊन लख्ख, सावली गार आणि हवा विरळ. पहिल्या चढालाच धाप लागते, मग पावलं आपोआप इथल्या माणसांच्या संथ चालीला लागतात.

हार्नेट अव्हेन्यू हा इथला हमरस्ता. दुतर्फा ताडाची झाडं, मधूनच एखादी सायकल. कॅथलिक कॅथेड्रलचा उंच विटकरी मनोरा दुरूनही दिसतो, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नसते. पुढे १९३७ सालचं चित्रपटगृह, सिनेमा इम्पेरो. त्याच्या लालसर दर्शनी भिंतीवर गोल दिव्यांच्या उभ्या ओळी आहेत. मी तिथल्या कॅफेत माकियातोचा छोटा पेला घेऊन रेंगाळते. उत्तरेकडे वळलं की थोड्याच अंतरात मोठी मशीद, बाजार आणि एंडा मारियम चर्च. पलीकडे मेदेबरचा कारागिरांचा बाजार. तिथे लोखंडी पिंपं ठोकून शेगड्या होतात, जुन्या टायरांच्या चपला होतात. घणांचा नाद कानांत भरून राहतो.

शहराच्या दक्षिणेकडे आहे फियाट टाल्येरो. जुझेप्पे पेत्ताझ्झी या अभियंत्यानं १९३८ साली बांधलेला हा पेट्रोलपंप उड्डाणाच्या बेतात असलेल्या विमानासारखा दिसतो. काँक्रीटचे दोन पंख दोन्ही बाजूंना सुमारे १५-१५ मीटर पसरलेले आणि खाली एकही खांब नाही. मी त्या पंखाखाली बराच वेळ उभी राहते. हे देखणेपण मनाला सुखवतं आणि बोचतंही. यातलं पुष्कळसं उभं राहिलं ते मुसोलिनीच्या इथिओपियावरच्या स्वारीच्या काळात. वंशभेदी कायद्यांचे ते दिवस होते. ज्या एरिट्रियन हातांनी घमेली उचलली, त्यांनाच युरोपीय वस्तीत मोकळेपणानं वावरता येत नव्हतं.

ती इटालियन सत्ता १९४१ मध्ये कोसळली. केरेनच्या डोंगरांत झालेल्या निकराच्या लढाईत भारतीय पलटणी होत्या, त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची एक बटालियनही होती. सह्याद्रीच्या कुशीतली ती माणसं त्या उघड्या, तापल्या कड्यांवर चढली, आणि १ एप्रिलला अस्मारा शरण आलं. एरिट्रियाला स्वतःला मात्र स्वातंत्र्यासाठी १९९३ पर्यंत वाट पाहावी लागली. त्याआधी इथिओपियाशी तीस वर्षांचं युद्ध झालं. त्या लढवय्यांच्या साध्या प्लॅस्टिकच्या सँडलांचं भलंमोठं शिल्प आज इथल्या एका चौकात उभं आहे. घोड्यावरच्या कुठल्याही सेनापतीपेक्षा मला ते खरं वाटतं, कारण ते युद्ध याच सँडलांनी चालून काढलं.

ऊन उतरलं की सारं शहर हार्नेटवर येतं. पांढऱ्या नेत्सेला पांघरलेल्या आज्या, कोट घातलेले म्हातारे, हातात हात घेतलेल्या मैत्रिणी. कुठे पोचायचं नसतं, नुसतं चालायचं असतं. युनेस्कोनं २०१७ मध्ये या शहराला जागतिक वारशाचा मान दिला, तो इमारतींना. मला वारसा दिसतो तो या चालण्यात. एकेकाळी नाकारलेला रस्ता या माणसांनी रोजच्या पावलांनी आपला करून घेतला आहे.

तरीही या देशात स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय निवडणूक झालेली नाही, आणि न संपणाऱ्या सक्तीच्या राष्ट्रीय सेवेतून सुटण्यासाठी तरुण मुलं सीमा ओलांडून जातात. संध्याकाळी हा रस्ता जितका त्यांचा असतो, तितकाच देशही त्यांचा व्हावा. कुणाची परवानगी न मागता जाता यावं, आणि मन होईल तेव्हा परतता यावं, इतका त्यांचा.