दाखला मिळाला, थेरपीचं काय?

मंडळी, बोर्डाच्या दिवशी जिल्हा रुग्णालयात जाऊन बघा एकदा. सात वर्षांचं सेरेब्रल पाल्सीचं पोरगं कडेवर, दोन एसट्या बदलून आलेली आई, त्या दिवसाचा रोज बुडालेला. दाखला काढ म्हणून गावात सगळेच सांगतात. राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपीही येते, हे तिला कुणीच बोललं नव्हतं. स्वमग्न, मतिमंद, बहुविकलांग मुलांनाही तो मिळतो. गोम एकच. पैसे आधी खिशातून भरायचे, बिलं नंतर पाठवायची. रोजंदारीवालीनं ते आणायचे कुठून? तरी फॉर्म भराच. अडलं तर इनबॉक्समध्ये या, बसून भरू.