निफाडची शिवारफेरी

पोळी आपल्या घरांत नित्य होते. परंतु गहू शेतांत उभा असतां कसा दिसतो हें पाहिलेलीं माणसें शहरी कुटुंबांत आतां थोडींच आढळतील. रुद्राच्या चमकांत यजमान जीं धान्यें मागतो त्यांत गोधूमही आहे, इतका हा संबंध जुना. तो केवळ ताटापुरता राहूं नये, या हेतूनें आम्ही यंदा माघ महिन्यांत निफाडच्या कृषि-संशोधन केंद्रांत शेतकऱ्यांची शिवारफेरी निघाली, तींत सामील झालों.

निफाड हें नाशिक जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. नाशिकरोडहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तें लागतें. काळी जमीन, सभोंवार द्राक्षांचे मांडव, आणि तालुक्यांतच नांदूर-मध्यमेश्वर येथें गोदावरी व कादवा यांचा संगम. येथील हिवाळा साऱ्या महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. गव्हाला जी थंडी मानवते तीच फार वाढली म्हणजे द्राक्षांस बाधते. त्यामुळें एकाच पहांटे एका बांधावर समाधान व शेजारच्या बांधावर चिंता, असा प्रकार येथें घडतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें हें केंद्र गांवालगत कुंदेवाडीस आहे.

आंत शिरतांच लहान लहान वाफ्यांच्या रांगा व प्रत्येकापुढें रोविलेली पाटी दृष्टीस पडते. एकच वाण तीन-चार ठिकाणीं पेरलेला पाहून एका वृद्ध शेतकऱ्यानें कारण विचारलें. मार्गदर्शक म्हणाले, “बाबा, तुमच्या शेताचा एखादा कोपरा दरसाल जास्त पिकतो ना?” म्हातारा हंसला, त्याला उत्तर मिळालें होतें. पीक चांगलें आलें तें वाणाच्या गुणानें कीं जमिनीच्या, हें निवडावयाचें तर प्रत्येक वाण शेताच्या निरनिराळ्या भागांत, चिठ्ठ्या टाकून ठरविलेल्या जागीं, पेरला पाहिजे. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथें रोनाल्ड फिशर या गणितज्ञानें शंभर वर्षांपूर्वीं या युक्तीला शास्त्राचें रूप दिलें. आम्हीं जन्मभर मुलांच्या परीक्षा घेतल्या. पण पुढच्या बांकावर बसणाऱ्यास फळा अधिक स्पष्ट दिसतो, याची वजावट इतक्या काळजीनें कधीं केली जात नाहीं.

पुढें एका पट्ट्यांत रोगाला सहज बळी पडणारा वाण मुद्दाम लाविला होता. पानावरून बोट फिरवितांच गंजासारखी पूड बोटास लागली. हाच तांबेरा. मैदानांतील उन्हाळ्यांत तो जगत नाहीं. थंड डोंगरांत टिकून तेथून वाऱ्याबरोबर दरसाल खालीं उतरतो, हें करमचंद मेहता या आग्र्याच्या शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षांच्या श्रमानें दाखविलें. शेजारचा वाफा मात्र हिरवागार. या संदर्भांत आपल्या जुन्या खपली गव्हाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. काळ्या तांबेऱ्याचे पोटभेद ओळखण्याकरितां अमेरिकेंतील स्टॅकमन व लेव्हिन यांनीं १९२२ सालीं जे १२ गहू कसोटीस निवडले, त्यांत खपली होता, आणि तोही याच नांवानें.

फेरींत पुढें अनेक वाण दाखविण्यांत आले: वेळेवर पेरणी व भरपूर पाणी असेल तर त्र्यंबक, शेवया-कुरडयांस उत्तम असा गोदावरी, पेरणीस उशीर झाला तरी साधणारा फुले समाधान. उत्पन्नाचे आंकडे ऐकून मंडळी खूष दिसत होती. इतक्यांत मागें उभी असलेली एक मध्यमवयीन शेतकरीण पुढें येऊन म्हणाली, “साहेब, हे आंकडे भरल्या विहिरीचे झाले. आमच्या विहिरीला संक्रांतीनंतर पाणी राहत नाहीं. आम्हीं काय पेरावें?”

सर्वजण गप्प झाले, कारण पुष्कळांच्या मनांत हाच प्रश्न होता. मार्गदर्शकांनीं आंकडे बाजूस ठेवून तिला नेत्रावती वाणाच्या वाफ्याकडे नेलें. जिरायत जमिनीसाठीं व अपुऱ्या पाण्यासाठीं तो निवडलेला आहे. मग ते म्हणाले, “ताई, एकच पाणी असेल तर पेरणीपासून ४० ते ४२ दिवसांनीं द्या. दोन असतील तर पहिलें २० ते २२ दिवसांनीं आणि दुसरें ६० ते ६५ दिवसांनीं. आणि पेरणी लांबवूं नका. १५ नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याच्या उशिरास हेक्टरीं सुमारें अडीच क्विंटल घट येते.” बाईंनीं बोटांवर दिवस मोजले. नोव्हेंबरच्या आरंभीं पेरलें तर दुसरें पाणी संक्रांतीच्या आंत बसत होतें. त्यांनीं दोनदां मोजून पाहिलें, आणि मग दुसरा प्रश्न केला, “पोळी कशी होते?”

या दोन प्रश्नांत शिवारफेरीचें सारें प्रयोजन आलें, असें आम्हांस वाटतें. एखादा वाण फसला तर केंद्राच्या वहींत एक ओळ कमी भरते. शेतकऱ्याच्या घरीं मात्र वर्षाचें धान्य जातें. म्हणून कागदावरील शिफारस वाचून तो विश्वास ठेवीत नाहीं, आणि त्यांत त्याचें अज्ञान नाहीं. उभें पीक, त्याच हवेंतलें व त्याच मातींतलें, डोळ्यांनीं पाहावें, ओंबी चोळून दाणा दातांखालीं धरावा, आणि आपल्या विहिरीचा हिशेब सर्वांदेखत विचारावा, एवढी सोय या फेरीनें होते. गव्हाचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळत असल्यामुळें एकदां घेतलेलें चांगलें बी कांहीं वर्षें घरचें राखतां येतें; तेव्हां एका दिवसाच्या या पायपिटीचा लाभ पुढें अनेक हंगाम टिकतो.

आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, घरांतील मुलांस माघ-फाल्गुनांत एकदां तरी गव्हाच्या शेतांत न्यावें. आणि वर्षाचा गहू भरतांना केवळ भाव न विचारतां, तो कोणत्या वाणाचा, कोठल्या शिवारांतला, व किती पाण्यावर पिकलेला, हेंही विचारावें.