चालेल, चालेल!

टेनिसचा चेंडू आमच्या माणगावात केव्हाच येऊन पोहोचला. टेनिस मात्र अजून वाटेत आहे. भातकापणी झाली की रिकाम्या खाचरांतून त्या चेंडूने क्रिकेट सुरू होतं. मांडव काय, लाउडस्पीकर काय, कॉमेंटरी काय! पण खऱ्या टेनिसला म्हणे हिरवळ लागते. आता हिरवळीला आमच्याकडे काय तोटा? फक्त ती आषाढात येते आणि गुडघ्याएवढी येते. तिच्यात चेंडू गेला की शोधायला माणूस पाठवायचा, आणि मग त्या माणसाला शोधायला दुसरा.

तेव्हा टेनिसची हौस आम्ही बॅडमिंटनवर भागवतो. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. सांगलीचे नंदू नाटेकरही आधी टेनिसच खेळत. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते रामनाथन कृष्णनकडून हरले आणि पुढे बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली क्वालालंपूरला जाऊन स्पर्धा जिंकून आले. परदेशात असं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय. आम्हीही टेनिसकडून बॅडमिंटनकडे वळलोच आहोत. क्वालालंपूर तेवढं राहिलंय.

बरं, खेळ तसा आपलाच. १९व्या शतकात पुण्याच्या लष्करातल्या गोऱ्यांनी त्याला नियमांत बसवलं आणि त्याचं नावही तेव्हा ‘पूना’ असंच होतं. घाटावरचा खेळ, म्हणूनच बहुधा त्यात नियम फार.

हिवाळ्यात आम्ही उघड्यावर खेळतो. तिथे वाऱ्याला पाचवा खेळाडू धरावं लागतं. पावसाळ्यात मात्र मंगल कार्यालय. आषाढापासून मुहूर्त आटतात, हॉल मोकळा पडतो. एका टोकाला ‘वधूपक्ष’ अशी खोली, दुसऱ्या टोकाला ‘वरपक्ष’. नेट मध्ये. वरपक्षाच्या बाजूला उभा राहिलेला माणूस हरला तरी ऐट सोडत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे. शटल कधी कधी पंख्याच्या पात्यावर जाऊन बसतं. मग पंखा लावायचा, की ते अक्षतेसारखं कोणाच्या तरी डोक्यावर पडतं.

आम्ही चौघे: डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले साहेब, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि मी. चौघांच्या वयाची बेरीज अडीचशेच्या पुढे जाते. या वयात माणसं खेळतात ती व्यायामासाठी, असं घरी सांगायचं असतं. व्यायामच हवा असता तर दळण आणायला काय हरकत होती? खरी गोष्ट अशी की सकाळी साडेसहाला मारलेला एखादा स्मॅश दोन टोकांच्या मध्ये नेमका बसला, तर माणूस दिवसभर त्या आवाजावर जगतो. आणि हुकलेला सोपा शॉट? गणपतीत माणगावच्या नाक्यावर अडकलेली गाडीसुद्धा कधी ना कधी सुटते. हा शॉट रात्री उशीवर डोकं टेकलं की पुन्हा पुढ्यात हजर.

चूक झाल्यावर माणसं कशी वागतात, तो एक अभ्यासाचाच विषय आहे. डॉक्टर रॅकेटच्या तारा दाबून बघतात. चेहरा असा, की दुखणं सगळं तिचंच आहे. साहेब शटल मारायच्या आधीच ‘सॉरी’ म्हणून ठेवतात, ॲडव्हान्स भरल्यासारखं. गुरुजी ‘अरेरे’ म्हणतात, तेही दुसऱ्याची वही तपासल्याच्या सुरात. आणि पार्टनरने म्हणायचं असतं, ‘चालेल, चालेल!’

मराठीत इतका जीवघेणा शब्द दुसरा नसेल. पहिल्या चुकीला तो मनापासून येतो. तिसऱ्या चुकीला त्यातला एक ‘चालेल’ गळतो. पाचव्या चुकीनंतर पार्टनर काहीच बोलत नाही, नुसता वाकून बुटाची नाडी बांधतो. ती सुटलेली नसते.

पूर्वी बरं होतं. सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण. चुकलं तर सर्व्हिस जायची, पलीकडच्याला गुण लगेच मिळायचा नाही. चुकीला उधारी होती. २००६ साली एकवीस गुणांची पद्धत आली, प्रत्येक रॅलीला गुण. सगळा व्यवहार रोखीचा झाला. साहेब बँकेतले असूनही त्यांना हे अजून पटलेलं नाही.

१९७४ साली टिमथी गॅल्वे नावाच्या अमेरिकन टेनिसशिक्षकाने मनातल्या टेनिसवर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, खेळणाऱ्याच्या आत दोन इसम असतात. एक हुकूम सोडतो, दुसरा खेळतो. आणि पहिला गप्प बसला की दुसरा बरा खेळतो. माझ्या आतला पहिला इसम म्हणजे लग्नातला काका आहे. काम काही करणार नाही, पण मांडवभर सूचना. वीस-एकोणीसवर शटल उंच वर जातं, सावकाश खाली येतं, आणि तेवढ्या वेळात काका म्हणतो, ‘हं, सोपं आहे बरं का! गेल्या मंगळवारी हेच नेटात घातलं होतंस.’ अवघड शॉट बसतात, कारण काकाला तोंड उघडायला सवड मिळत नाही.

बड्या खेळाडूंनाही काका असतातच. १९९३च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोवोत्ना शेवटच्या सेटमध्ये स्टेफी ग्राफविरुद्ध ४-१ने पुढे होती. तिथून हरली, आणि बक्षीस समारंभात डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आमच्याकडे खांदा म्हणजे कार्यालयाचा वॉचमन. तो साडेसातला ड्यूटी संपवून जातो. आणि फेडररने २०२४ साली एका विद्यापीठातल्या भाषणात हिशेब मांडला: एकेरीचे १५२६ सामने खेळलो, जवळजवळ ऐंशी टक्के जिंकले, पण गुण जिंकले फक्त चौपन्न टक्के. गुरुजींना हे फार आवडलं. ‘म्हणजे शंभरातले शेहेचाळीस चुकले तरी माणूस पहिला येतो!’

त्यानंतरच्याच पावसाळ्याच्या तोंडी गुरुजींना मुंबईला नेलं. अँजिओप्लास्टी झाली. तीन महिन्यांनी, सगळ्या परवानग्या घेऊन, ते रॅकेटसकट हजर झाले. आणि मंगल कार्यालयात एकदम सौजन्य पसरलं. शटल त्यांच्या हातात अलगद येऊ लागली, आहेराच्या पाकिटासारखी. ड्रॉप बंद. स्मॅशचं तर नावच नको. असं करायचं कोणी ठरवलं नव्हतं.

चौथ्या दिवशी गुरुजींनी खेळ थांबवला. नेटजवळ आले.

‘अहो, मी पस्तीस वर्षं पेपर तपासले आहेत. ग्रेस मार्क मला लांबून ओळखू येतात.’

कोणी बोललं नाही. डॉक्टर तारा दाबायला लागले.

‘घरी जिना चढू देत नाहीत, पिशवी उचलू देत नाहीत. इथे तरी मला हरू द्या की.’

पुन्हा खेळ सुरू झाला आणि दोन मिनिटांत नको तेच झालं. गुरुजींचं शटल आखूड पडलं, बरोबर माझ्यासमोर, छातीच्या उंचीवर. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते माझे पार्टनर, गावाचे डॉक्टर, काहीतरी खूण करतील म्हणून. ते आढ्याकडे बघत होते. मनातल्या काकालाही नेमकं तेव्हाच काही सुचेना. मी मारलं. गुरुजींच्या पायाशी सण्णकन शटल आपटलं.

‘चालेल, चालेल,’ साहेब सवयीने म्हणाले.

‘चालेल काय?’ गुरुजी कडाडले. ‘तुम्ही नेट सांभाळा! मागचं मी बघतो.’

आणि त्यांनी खरंच बघितलं. माझ्या बॅकहँडला ड्रॉपवर ड्रॉप टाकले. त्यातले निम्मे मला दिसले, उचलता मात्र एकही आला नाही. गेम संपल्यावर डॉक्टरांनी त्यांना वरपक्षाच्या दारातल्या खुर्चीवर बसवलं आणि मनगट हातात घेऊन घड्याळाकडे बघत राहिले. आम्ही दोघं पाण्याची बाटली धरून उभे.

‘किती?’ साहेबांनी हळूच विचारलं.

‘एकवीस-अठरा,’ गुरुजी म्हणाले.