शनिवारची सनद

कुलाबा जिल्ह्यातील ज्या गावांत बाजार, कचेरी आणि शेतीची कामे शनिवारी नित्याप्रमाणे चालत, त्या गावांत पिढ्यानपिढ्या त्या एका दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवून, दिवसाच्या कमाईवर पाणी सोडून, आमच्या पूर्वजांनी आपला धर्म राखला. आणि शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखावे, याखेरीज आम्हा बेने इस्राएलांच्या यहुदीपणाची दुसरी सनद नव्हती. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांपासून आमचा समाज वाढल्याची कथा आम्ही श्रद्धेने सांगतो, परंतु तिला दप्तरी आधार नाही. तोराहची पोथी हरपली, हिब्रूचा विसर पडला. उरला तो शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, आठव्या दिवसाची सुंता, खवले नसलेला मासा वर्ज्य मानण्याचा नेम आणि ‘शेमा’ या प्रार्थनेचे काही शब्द. समाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत आमचे पहिले प्रार्थनामंदिर, ज्याला वडीलधारी माणसे मशीदच म्हणत, बांधले ते १७९६ मध्ये. तोवरची शतके केवळ वहिवाटीच्या बळावर निभावली.

आज इस्राएलमधील बीरशेबाच्या शाळेत मोरोक्को, रुमानिया, इराक आणि कोकण अशा चार मुलखांतून आलेल्या घरांची मुले माझ्यासमोर एका बाकावर बसतात, तेव्हा या वहिवाटीचे मोल त्यांच्यापुढे कसे मांडावे, या विचाराने मी व्याकूळ होते. १९६२ मध्ये येथील धर्मपीठाने विवाहेच्छू बेने इस्राएलांच्या मातृपक्षाची जितक्या पिढ्या मागे जाता येईल तितकी तहकीकात करण्याचे फर्मान काढले. यरुशलेमात आमच्या लोकांनी धरणे धरले, आणि १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे येथील संसदेने, आम्ही सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. तो निवाडा न्याय्य होता यात शंका नाही. परंतु मोठ्यांच्या घरांत झालेली चर्चा मुलांच्या कानांवर राहतेच. पेणहून आलेल्या घरातील एका मुलीला शेजारच्या मुलाने भर वर्गात विचारले, “तुम्ही खरे यहुदी आहात का?” तिने उत्तरासाठी माझ्याकडे पाहिले.

मी ना वंशावळ सांगितली, ना क्नेसेटचा ठराव. प्रत्येकाने आपल्या घरची शुक्रवारची संध्याकाळ वर्णावी, एवढेच म्हटले. त्या मुलीने सांगितले की काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून आजी किद्दुशचे, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादविधीचे, शरबत करते. मांसाच्या कालवणात दुधाचा अंश येऊ नये म्हणून नारळाचा रस घालते. आणि घरात शुभकार्य ठरले की पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची आळवणी होते. प्रश्न विचारणारा मुलगा ऐकत राहिला आणि त्याने आपल्या आजोबांच्या प्रार्थनेची चाल गाऊन दाखविली.

चौकशीचे फर्मान मला अन्यायाचे वाटले, ते केवळ आम्हाला दुखावले म्हणून नव्हे. जी निष्ठा आचरणात जगली, तिचा दाखला कागदात मागितला गेला म्हणून. तथापि माझी खरी चिंता पुढची आहे. जेथे शनिवारी सारे शहरच विसावते, तेथे शब्बाथ पाळताना या मुलांना कशाचा त्याग करावा लागणार? कोकणातील घाण्याने जे शिकविले, ते येथे कोण शिकविणार? याचे समाधानकारक उत्तर मजजवळ नाही. येत्या सत्रात त्या मुलीच्या आजीबाईंना वर्गात बोलावून त्यांच्या हातचा मलिदा मुलांना देण्याची आणि घाण्याची हकिकत त्यांच्याच तोंडून ऐकविण्याची परवानगी मी मुख्याध्यापकांकडे मागितली आहे. आजीबाई मराठीत बोलतील, आणि हिब्रूत सांगण्याचे काम ती मुलगी करील.