माकडहाड

वर्गात पाव मिळायचा. खायला नाही, खोडायला.

कोळशाची रेघ रबरानं नीट जात नाही, कागद काळवंडतो. पावाचा मऊ गाभा चिमटीत घेऊन दाबला की कोळसा अलगद उचलला जातो. चित्रशाळेत हे सगळ्यांना ठाऊक. मला नव्हतं. पहिल्या दिवशी शेजारच्यानं अर्धा पाव पुढं केला आणि मी तो खाल्ला. वर्ग हसला. मीही हसलो. दुसरं काय करणार?

१९८१ साल. मुंबईतली एक चित्रशाळा. नाव लिहीत नाही. परभणीकडून आलेलो, राखीव जागेवर. आणि हे कुणाला कळू नये म्हणून माझी सगळी धडपड. आज हे लिहिताना लाज वाटते, पण मित्रांनो, तेव्हा ती धडपड हाच माझा पहिला विषय होता. चित्रकला दुसरा.

त्या टर्मला सरांनी पाठ लावली होती. पाठ, कणा, कंबर. चौथऱ्यावर साठीचा एक म्हातारा लंगोट लावून पाठमोरा उभा. आम्ही डाँकीवर. डाँकी म्हणजे लाकडी बाक, दोन्हीकडं पाय टाकून बसायचं आणि पुढं बोर्ड टेकवायचा. कोपऱ्यात हुकाला सांगाडा लटकलेला. सर मॉडेलची पाठ दाखवायचे, मग सांगाड्यापाशी जाऊन तेच हाड दाखवायचे. सर शिकवायचे मात्र चांगलं. त्यांच्यावर पुढं राग आहे तो आहे, पण हे कबूल केलं पाहिजे.

मानेचे मणके सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच. हे चोवीस सुटे. त्याखाली पाच मणके एकजीव होऊन झालेलं त्रिकोणी हाड, ते दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांत पाचरीसारखं बसलेलं. आणि शेवटी माकडहाड. मान पुढं वाकवली की मानेच्या मुळाशी जी गाठ बोटाला लागते तो सातवा मणका. तिथनं रेघ सुरू करायची. खाली कमरेवर दोन खळ्या असतात आणि कुल्ल्यांची फट जिथं सुरू होते तो एक बिंदू. हे तीन बिंदू जोडले की त्रिकोण होतो. तो सापडला की माणूस कुठं झुकलाय, कुठं वळलाय सगळं कळतं. त्रिकोण चुकला तर बाकी कितीही घोटा, बाहुलीच होणार.

कमरेचा सांगाडा म्हणजे काय, तर घमेलं. सर बादली म्हणायचे. मला घमेलंच दिसायचं, बुडाला भोक पडलेलं, जरासं पुढं कललेलं. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूचं काठ वर जातं, दुसऱ्या बाजूचं खाली. वर खांद्याचं उलटं, भाराच्या बाजूचा खांदा खाली येतो. आणि मधला कणा मोकळ्या पायाच्या बाजूला फुगतो. सर म्हणाले, हे ग्रीकांनी शोधलं, पॉलिक्लायटस वगैरे, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात. असेल. पण कडेवर पोर घेतलेली बाई आमच्या वस्तीत हापशावर रोज अशीच उभी असायची. सांचीच्या तोरणावर झाडाला लोंबकळलेली यक्षी तशीच आहे. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणीही तसाच, कमरेत वळलेला. ही आपल्या धम्माची चित्रं, आणि मला ग्रीक आधी माहीत झाले!

आता म्हाताऱ्याची पाठ. ती पुस्तकातली नव्हती. सातव्या मणक्यापाशी कातडी जाड होऊन लिंबाएवढी गाठ आलेली. वरचा भाग पुढं वाकलेला. सुदृढ माणूस ताठ उभा असला की कणा म्हणजे पाठीतली एक खाच दिसते, मणके दिसत नाहीत. दोन्ही बाजूंच्या स्नायूंत ते बुडालेले असतात. ह्याच्या पाठीवर उभ्या उभ्या मणके मोजता येत होते. मी मोजले. जसे दिसले तसे काढले.

सर मागं येऊन थांबले. म्हणाले, "हाताला वळण आहे. पण हा मॉडेल बिघडलेला आहे. ह्याच्यातनं आदर्श पाठ काढायची असते. सरळ कर." मी पाव घेतला आणि म्हाताऱ्याचं पोक खोडलं. गाठ खोडली. सरळ केली पाठ. सबंध वर्गात मला सगळ्यात जास्त मार्क पडले.

मधल्या सुटीत म्हातारा पायरीवर बसायचा. पोरांनी टाकलेल्या पावाच्या कडा, कोळसा न लागलेल्या, कागदात गोळा करायचा. मला म्हणाला, "कुठला रं तू, बाळा?"

"परभणीकडचा."

"आडनाव?"

मी गावावरनं पाडलेलं आडनाव सांगितलं. कुठंही खपणारं. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "बरं बरं. जय भीम."

शेजारी दोघंजण चहा पीत उभे होते. मी नुसती मान हलवली. तोंडातनं शब्द काही निघाला नाही.

हे त्या सांगाड्याबद्दलही सांगायला पाहिजे. वर्गातली सोवळी पोरं त्याच्या बरगड्यांत बोटं घालायची, कवटीवर टोपी चढवायची. आपल्या पेल्यातनं दुसऱ्याला पाणी न देणारेसुद्धा. त्या काळात जगभरच्या वैद्यकीय शाळांत कलकत्त्याहून सांगाडे जायचे. भारत सरकारनं १९८५ साली निर्यात बंद केली तेव्हा कुठं ते थांबलं. आणि तिकडं मसणवट्यात प्रेताला हात लावणारे कोण, तर डोम. म्हणजे मेलेल्या माणसाची शिवाशिव नाही, ते हाड स्वच्छ करून देणाऱ्याची आहे. कुणीतरी ह्यावर कविता लिहा रे. मला जमत नाही.

तर ती मान हलवलेली मला झोपू देईना. आठ दिवसांनी म्हाताऱ्याला गाठलं. म्हणालो, "बाबा, जय भीम." तो म्हणाला, "आता आठवलं व्हय?" मग रविवारी माझ्या खोलीवर येऊन बसाल का विचारलं. पैसे देतो म्हणालो. पैसे ऐकून त्यानं शिवी दिली, मग घेतले. घ्यायलाच पाहिजेत, उभं राहणं हे काम आहे. वीस मिनिटं न हलता उभं राहून बघा एकदा.

बाबा मशीद बंदरला हमाल होता. माथाडी कायदा आला १९६९ साली. त्याच्या आधीची त्याची सगळी वर्षं बिननोंदीची. ज्याची पाठ धड तो कामावर, एवढाच हिशोब. गोणी मानेच्या मुळाशी बसते, म्हणून तिथं गाठ. ओझ्याखाली माणूस पुढं झुकतो, नाहीतर मागं पडेल. असं तीस वर्षं केलं की झुकणं उतरत नाही. मी काढत होतो, तो बोलत होता. त्याच्यामुळं मला कळलं की हाड काढायचं म्हणजे हाडानं काय केलं ते काढायचं.

आणि एक गोष्ट डोक्यात बसली. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीसंस्थेच्या निर्मूलनावरच्या त्या न झालेल्या भाषणात पेशवाईतल्या पुण्याचं लिहिलंय. अस्पृश्याच्या गळ्यात मडकं, कमरेला झाडू. मडकं थुंकण्यासाठी, झाडू पावलं पुसण्यासाठी. मी कागदावर मडक्याची दोरी आणि झाडूची दोरी काढून बघितली. एक सातव्या मणक्यावर बसते, दुसरी त्या दोन खळ्यांवरनं जाते. म्हणजे कण्याची दोन्ही टोकं बांधली. मधे सतरा मणके. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला शरीर चांगलं कळत होतं.

तेव्हा आमचा एक सायक्लोस्टाईल अंक निघायचा. सहा डिसेंबरच्या अंकासाठी मुखपृष्ठ माझ्याकडं. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं काढायचं, जोर जास्त झाला की स्टेन्सिल फाटते आणि शाईचा डाग उमटतो. मी बाबाची पाठ काढली. पोक, गाठ, मणके, सगळं. संपादक मित्र भडकला. "हे काय? आपला माणूस वाकलेला? कणा ताठ दाखव! मूठ दाखव!"

सरळ कर. दुसऱ्यांदा ऐकत होतो, ह्या वेळी आपल्या माणसाकडून.

मी म्हणालो, कणा ताठ म्हणजे काय? दांडक्यासारखा सरळ कणा माणसाला नसतोच. मानेत आत, पाठीत बाहेर, कमरेत पुन्हा आत, अशी वळणं आहेत म्हणून तो भार पेलतो. आपल्या पोस्टरांतली माणसं बघ, सगळी खांबासारखी. गावोगावचे पुतळे बघ. दिल्लीत संसदेच्या आवारात १९६७ साली बसवलेला, वाघ यांनी घडवलेला पुतळा चालतोय असं वाटतं. पाय पुढं पडलाय आणि कोटाच्या आतसुद्धा कंबर आहे. गावातल्या नकलेत बोट येतं, पुस्तक येतं, कंबर येत नाही. मग बाबासाहेब उभे राहत नाहीत, रोवल्यासारखे दिसतात.

रात्री दोनपर्यंत वाद. तो म्हणाला, तुझी चित्रकला तुझ्यापाशी, लोकांना वाकलेला माणूस नको, वाकलेलं त्यांनी घरात बघितलंय. ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. माझ्या बापानं ढोरं ओढली, ५६ नंतर वस्तीनं ते काम सोडलं. त्याची पाठ मी कधी काढली नाही, आणि तो गेला. त्याला विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, सरळ काढ.

शेवटी स्टेन्सिल तीच गेली, कारण दुसरी आणायला पैसे नव्हते. एका कोपऱ्यात डाग पडलाच.

अंक घेऊन बाबाकडं गेलो. त्यानं बराच वेळ लांब धरून, मग जवळ धरून बघितला. स्वतःची पाठ त्यानं आधी कुठं बघितली असणार? मागं हात नेऊन मानेवरची गाठ चाचपली, मग कागदावरची. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल.

"समदं बराबर हाय," तो म्हणाला. "पर खालचं हाड चुकलं तुझं. जिन्यावरनं गोनीसकट पडलो होतो न्हवं, तवापासनं ते डावीकडं गेलंय. हात लावून बघ."

मी हात लावला. खरंच डावीकडं होतं.